एकोणिसावी ओळ

हालवार,

तू गेलास त्याला सात आठवडे झाले. पत्र पोचणार नाही हे मला कळतं. गणित शिकवण्यात हयात गेली, भाबडी नाही मी. तरी लिहिते, कारण गावात तुझ्याबद्दल जे बोलतात ते फारच गुळगुळीत आहे.

वीजकेंद्रातून निवृत्त झालास आणि गावाने स्वतः चर खणून आणलेली इंटरनेटची तार तुझ्या गळ्यात पडली. प्रकाशाची एकच तार, दूधगाड्यांच्या रस्त्यावरच्या पेटीत फुटून बत्तीस घरांत गेलेली. सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, पाळी आली की बोलायचं. वीज महागली तेव्हा सभेत ठरलं, ज्याला बोलायचं नाही त्याच्या घरातल्या इंटरनेटच्या डबीने तेवढा वेळ झोपावं. कोणाला किती पाळ्या, किती झोप, हा तक्ता तुझ्याकडे. लिडमानच्या दूध काढायच्या यंत्राला भरपूर पाळ्या दिल्यास. आजारी गुनवोरच्या धोक्याच्या घंटेला झोपच नाही. मग कमी पडलं, तेव्हा एकोणिसाव्या ओळीतलं कापलंस. एकोणीस म्हणजे तुझं घर.

मी म्हटलं, वेडा आहेस का. तू म्हणालास, "मी कोणाशी बोलतो?"

बोलत होतास. दर रविवारी दुपारी, चिलीतल्या तुझ्या मुलीशी. इल्वा तुला नीट दिसायची, कारण ऐकायला-बघायला पाळी लागत नाही. तुझंच चित्र तिकडे अडकायचं. "बाबा, तू परत थिजलास," असं ती म्हणते, हे सांगताना तू वर जोडलंस, "तिची आईही चाळीस वर्षं हेच म्हणत होती."

ऑक्टोबरात एकदाचा बोललास, तेही बुटांकडे बघत. तुझी ओळ बदलायची होती. पण आपला नियम असा की तक्ता ज्याच्या हाती, त्याने स्वतःच्या ओळीला हात लावायचा नाही. तपासनीसाची सही लागते. तपासनीस मी. कागद दिलास. गुरुवारी सही करून आणते म्हटलं. गुरुवारी गाडीला हिवाळी टायर बसवायचे निघाले. मग म्हटलं, सोमवारी.

रविवारी तू अर्ध्या वाक्यात थिजलास. इल्वाला वाटलं, नेहमीचंच. तिने कॉफी करून आणली, परत समोर बसली. वीस मिनिटं. मग मला फोन. "बेरित, जरा जाऊन बाबाची डबी बंद करून चालू करतेस?"

मी गेले. डबीचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे तार चालू होती. तू खुर्चीत होतास.

वीस मिनिटांनी फरक पडला असता का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अंत्यविधीनंतर कॉफी झाली, सँडविचचा केक झाला. इल्वाने मला मिठी मारली. कागदाचं मी तिला बोलले नाही.

तक्ता आता लिडमानची सून बघते. एकोणिसावी ओळ तशीच आहे. रिकाम्या घराला पुरते. कागद माझ्या पिशवीत आहे, टायरवाल्याच्या पावतीला चिकटून. सही केलेली नाही.