दादा आणि उंटाचं रक्त

एका माणसानं एका आयुष्यात किती धक्के सोसावेत याला काही मर्यादा असेल, तर माझ्या बायकोच्या नागपूरच्या मामेभावानं ती माझ्यापुरती केव्हाच ओलांडली आहे. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आम्ही चिप बनवणाऱ्या कंपनीत मान मोडून काम करणारी साधी माणसं. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक मनुष्य गेली वीस वर्षं उंटाच्या रक्ताकडे टक लावून बसला आहे आणि तो आपला नातेवाईक होणार आहे, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्रिकेतही काही निघालं नव्हतं.

दादा नागपूरला जनावरांचे डॉक्टर झाले, इकडे येऊन पुढचं शिकले आणि जनावरांचं रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागले. पगार मिळतो तो कुत्र्यामांजरांच्या रक्ताचा, जीव मात्र उंटात. लग्न केलं नाही. पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्यांनी त्यातला एक पोहा बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हे पाहा जावईबापू. तुमच्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मधे अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारख्या. उंटाच्या अशा. चपट्या, लांबट. पाण्यावाचून रक्त घट्ट झालं तरी त्या सरसर जातात. आणि तहानलेला उंट एकदम घटाघटा पाणी प्यायला की फुगून दुप्पट होतात, पण फुटत नाहीत. तुमच्या केव्हाच फुटल्या असत्या." एवढं बोलून त्यांनी तो पोहा खाल्ला. माझ्या बशीत तेव्हा शेकडो पेशी होत्या, वर ओलं खोबरं पेरलेल्या. तेव्हापासून आमच्याकडे रविवारी उपमा होतो.

त्यांच्या वागण्यातही उंट उतरला होता. भर जुलैत, ॲरिझोनात बाहेर चपला चिकटतात अशा उन्हात, ते दिवसभर पाण्याला शिवायचे नाहीत आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन फ्रीजमधला अख्खा जग तोंडाला लावायचे. माझी मुलगी पहिल्यांदा ते पाहून म्हणाली, "डॅड, इज मामा ओके?" मी जग पुन्हा भरून ठेवला. तिच्या बारशाला तर त्यांनी कहरच केला होता. पुण्याहून आलेल्या माझ्या आईसमोर पाळण्यात वाकून पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "पापण्या पाहा काय सुरेख आहेत. हुबेहूब उंटिणीच्या पिल्लासारख्या." आईनं त्या संध्याकाळी मुलीची दोनदा दृष्ट काढली. दादांच्या लेखी ती स्तुतीची परमावधी होती हे तिला पटवायला मला आठवडा लागला, आणि अजूनही पटलं असेल असं वाटत नाही.

एकदा ते मला गावाबाहेरच्या एका रँचवर घेऊन गेले. मालकाची उंटीण खात नव्हती. माझ्या हातात दोर देऊन दादा म्हणाले, "काही नाही, फक्त मायेनं धरा." मी आयुष्यात जनावर म्हणून मांजर धरलेलं. उंटिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोटातलं हिरवं, कोमट, आंबूस असं सगळं माझ्या ऑफिसच्या शर्टावर ओतलं. दादा तिची मान कुरवाळत होते. "काहून घाबरते वो बाई? एका मिनिटाचं तर काम आहे." मानेच्या शिरेतून त्यांनी इतक्या अलगद रक्त घेतलं की तिला कळलंही नाही. मग गाडीच्या टपावर काड्यांएवढ्या काचेच्या नळ्या मांडून मला समजावू लागले. "नळी गरगर फिरवली की पेशी खाली बसतात. शंभर भागांत अठ्ठावीस-तीस भाग बसल्या म्हणजे उंट खणखणीत. मशीनवर विसंबायचं नाही. मशीन माणसाच्या पेशींवर शिकलेलं असतं, त्याला उंट कळत नाही. मी डोळ्यांनी मोजतो." दोन दिवसांनी त्यांनी नुसत्या रक्तावरून सांगितलं की पोटात जंत आहेत, आणि खरंच होते. महिन्याभरात ती उंटीण खाऊ लागली. माझा शर्ट मात्र टाकावा लागला.

गेल्या दिवाळीत ते फराळाला आले. आमच्या दाराशी पायऱ्या तीन. दुसऱ्या पायरीवर दादा थांबले, कठडा धरला आणि झेंडूचं तोरण निरखल्यासारखं करू लागले. धाप लागली होती. चेहरा पांढराफटक. बायको दारातच म्हणाली, "दादा, डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं ना. उन्हाळ्यातच ब्लड टेस्ट केली. रिपोर्ट मी स्वतः पाहिला, सगळं नॉर्मल आहे."

"दाखव मला."

आत येऊन फराळाला बसल्यावर त्यांनी फोन काढून दिला. मला रक्तातलं ओ की ठो कळत नाही, पण एक आकडा लाल रंगात होता आणि त्याच्यापुढे खाली जाणारा बाण होता, एवढं मलाही दिसलं. खाली क्लिनिकचे चार मेसेज, न उघडलेले. "ते फोनही करत होते," दादा म्हणाले, "मी स्पॅम समजून कट केले. त्या बाणाचं काय घेऊन बसलात, मशीन आहे ते. अठ्ठावीस म्हणजे उत्तम."

"कुणाचं उत्तम?" बायकोनं विचारलं.

हातातली अर्धी चकली दादांनी बशीत परत ठेवली. म्हणाले, "उंटाचं."

"दादा, तू माणूस आहेस," बायको म्हणाली आणि रडायला लागली. खंडीभर जनावरांचं दुखणं एका थेंबावरून ओळखणारा हा मनुष्य चार महिने स्वतःचा रिपोर्ट वाचत होता, आणि वाचून समाधानानं फोन खिशात ठेवत होता.

पोटात आतड्याला गाठ निघाली. तिच्यातून थेंब थेंब रक्त जात होतं, कुणाच्या नकळत. दोन पिशव्या रक्त चढवून मग ऑपरेशन झालं. त्या आठवड्यात मला एक गोष्ट फार लागली. आम्ही त्यांचे किस्से पार्टीपार्टीत सांगितले, पोट धरधरून हसलो, पण घरी रिपोर्ट दाखवायला त्यांना कुणी नाही, हे एकालाही सुचलं नाही. हसता हसता आम्हीच त्यांना उंटाच्या हवाली करून मोकळे झालो होतो. याची मला आजही लाज वाटते.

आता दर तीन आठवड्यांनी केमो असते. आदल्या दिवशी तपासणीसाठी रक्त द्यायला मी त्यांना नेतो. त्यांची शीर आता पटकन सापडत नाही, नर्स दोन-तीनदा टोचते आणि सॉरी म्हणते. दादा शांतपणे दुसरा हात पुढे करतात. मग आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसून रिपोर्टची वाट पाहतो. फोन वाजला की ते न पाहताच माझ्या हातात देतात. "तुम्ही वाचा, जावईबापू. माझ्या नजरेचा भरवसा नाही."

परवा मी वाचलं, "एकतीस."

"माणसाचं किती पाहिजे?" त्यांनी विचारलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी सांगितलं, चाळीसच्या वर. त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "अजून बरंच माणूस व्हायचं राहिलंय."

मला हसायचं होतं, पण जमलं नाही. मी गाडी सुरू केली.