वसुबारसेची अल्पाका

अल्पाका हा प्राणी मला पहिल्या भेटीतच आवडला नाही. मान उंटाची, अंग मेंढीचं, आणि आपण न सांगता तिच्याकडे जेवायला टपकलोय असा चेहरा. असल्या प्राण्यापायी माझ्या नवऱ्याने आमच्या संसाराचा खेळ मांडला होता.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्याच्या कंपनीने नोटीस दिली होती. डिसेंबरअखेर नोकरी संपणार, तिच्यामागून व्हिसा, आणि मुलगी बारावीत. तोवर दुसरी नोकरी मिळाली नाही तर बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर शारजातलं घर मोडून पुण्याला परतायचं. शहाण्या माणसाने अशा वेळी बायोडेटा पाठवावा, ओळखीपाळखीच्यांना फोन करावेत. आमचे हे दर शनिवारी धैदच्या रस्त्यावरच्या एका फार्मवर अल्पाका कशा पाळतात ते शिकायला जायला लागले. जाहिरात कुठेतरी मोबाइलवर पाहिली म्हणे.

"अगं, परत जावं लागलंच तर मुळशीकडे पाळता येतील," तो म्हणायचा. मुळशीच्या पावसात भिजलेली ती लोकर कोण पिळून वाळवणार होतं, देव जाणे. मी सोबत जायची ती केवळ भीतीपोटी. एकट्याला सोडला असता तर जोडी घेऊनच घरी आला असता.

फार्मची मालकीण ऑस्ट्रेलियाची. उन्हाने भाजलेली, आणि सगळ्यांशी नर्सरीतल्या मुलांशी बोलावं तशी बोलणारी. तिच्याकडून जे ज्ञान मिळालं ते असं: अल्पाका एकटी ठेवली तर झुरते. उन्हाळ्याआधी लोकर कातरावी लागते, नाहीतर इथल्या उकाड्यात ती जगायची नाही. नखं कापावी लागतात. डोक्याला हात लावलेला तिला खपत नाही. आणि सगळ्या कळपाचा संडास ठरलेल्या एकाच जागी. ही शेवटची गोष्ट नवऱ्याने घरी येऊन इतक्या कौतुकाने सांगितली, की एवढं कौतुक त्याने स्वतःच्या मुलीचंही कधी केलं नव्हतं.

घरी जेवलेलं ताट न उचलणारा हा माणूस तिथे फावड्याने लेंड्या गोळा करायचा. मी गाडीत एसी लावून बसायची आणि काचेतून बघायची. मला त्याची कीव येत नव्हती, किळस येत होती. लेंड्यांची नव्हे, त्याची. ऑफिसात बॉसने सुट्टीच्या दिवशी बोलावलं की हा जायचा. त्याचं प्रमोशन ज्युनियरला मिळालं तेव्हा डिपार्टमेंटमध्ये पेढे यानेच वाटले. नोटीस हातात दिली तर थँक यू म्हणून आला. उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता. मला सोडून.

शेवटी नोकरीचं मीच मनावर घेतलं. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे यजमान एका बड्या कंपनीत एचआरचे प्रमुख. "इन्शाल्ला, दिवाळीनंतर बघू," एवढंच ते प्रत्येक भेटीत म्हणायचे. दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं. त्यांना जरा निवांत गाठायला हवं होतं.

संधी आली ती वसुबारसेच्या निमित्ताने. वसुबारसेला गाय हवी, तीही वासराची. इथे ती आणायची कुठून? आदल्या वर्षी मंडळाने हॉलमध्ये प्लास्टिकच्या गायीला ओवाळलं होतं, आणि तिचं वासरू म्हणून कुणाच्या तरी पोराचा खेळण्यातला घोडा ठेवला होता. मी मीटिंगमध्ये सहज बोलून गेले, की फार्मवर एक अल्पाका नुकतीच व्यालीय.

"अय्या, सवत्स!" अध्यक्षीणबाई उडाल्याच. "खूर दुभंगलेले आहेत ना? रवंथ करते? मग झालं तर! थीम पण युनिक होईल."

शुक्रवारी शारजात सुट्टी, त्यात वसुबारस शुक्रवारी आलेली. संध्याकाळी गाड्या भरभरून मंडळी आली, अभ्यास सोडून आमची मुलगीही. पैठण्या, नथी, वाळूत रुतणाऱ्या टाचा. कुणाला प्राण्याशी काही देणंघेणं नव्हतं. फोटोत पिल्लू यायला हवं, एवढीच चिंता. मालकीणबाई हे काय चाललंय म्हणून लांबून बघत होत्या. मी सकाळपासून खपून उडदाचे वडे केले होते आणि एचआरच्या साहेबांच्या अवतीभवती घुटमळत होते. साहेब खुशीत होते. "मंडे को भेज दो इनको मेरे ऑफिस," ते मला म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मग अध्यक्षीणबाई ताट घेऊन पुढे झाल्या. अल्पाकाने डोकं मागे घेतलं. "अहो, धरा ना तिला!" त्या ओरडल्या. साहेबांनी दोरी आखडून धरली आणि दुसऱ्या हाताने तिचा कान पकडला. बाईंनी कपाळावर हळदकुंकू थापलं आणि वडा तोंडाशी नेला. ती विव्हळल्यासारखी गुणगुणायला लागली. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरायला बघत होतं. मोबाइल सगळे वर.

"साहेब, दोरी सोडा."

नवऱ्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

"अरे, दोन मिनिटं! व्हिडिओ चाललाय," साहेब हसले.

"सोडा म्हणतोय ना. घाबरलीय ती. आणि वडा देऊ नका, पोट बिघडेल तिचं. खलास. पूजा झाली."

तो मधे जाऊन उभा राहिला आणि साहेबांच्या हातातून दोरी काढून घेतली. त्याच क्षणी अल्पाका थुंकली. चघळलेल्या चाऱ्याचा हिरवा लगदा त्याच्या गालावरून नव्या झब्ब्यावर ओघळला. तो हलला नाही. दोरी सैल सोडून हळूच तिची मान थोपटत राहिला. साहेब रुमालाने हात पुसत गाडीकडे निघाले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "मंडे का रहने दो." अध्यक्षीणबाईंनी माझे वडे तसेच ताटात टाकले.

परतताना गाडीभर आंबूस वास. माझा संताप मावत नव्हता. एका जनावरापायी याने हातातोंडाशी आलेली नोकरी घालवली होती. आणि त्याच वेळी, सांगायला लाज वाटते, हा माणूस मला आवडला होता. कित्येक वर्षांनी.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो कूल."

घराचं वळण जवळ आलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलणी खायच्या तयारीत होता.

"घरी नको," मी म्हटलं. "आधी रोल्लाच्या बाजाराकडे घ्या. मोठ्या बॅगा तिथेच मिळतात."