जेली खोटं ओळखते

सोमवारी सकाळी मार्लिस टोरगर्सन फ्रिजचं दार उघडं टाकून आतल्या टर्कीकडे बघत उभी होती. टर्की चांगली वीस पौंडांची, खालचा अख्खा कप्पा अडवून ऐसपैस पसरलेली. रविवारी दुपारी, दरवर्षीच्या शिरस्त्याने, मार्लिसने ती फ्रीजरमधून काढली. गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत तिचा बर्फ नीट सुटायला हवा ना! आणि संध्याकाळी मुलाचा, ग्रँटचा फोन आला. "आई, या वर्षी आम्ही लॉरेलच्या माहेरी चाललोय, फ्लोरिडाला. तुझं काय, तुझ्याकडे तर गर्दीच असते!"

गर्दी कसली? नवरा, ऑर्व्हिल, जाऊन चार वर्षं झाली. गर्दी म्हणजे ग्रँट, लॉरेल आणि त्यांची पोरं. पण मार्लिस म्हणाली, "हो तर!"

एकदा सुटायला लागलेली टर्की पुन्हा गोठवत नाहीत, हे विस्कॉन्सिनात शेंबडं पोरगंही सांगेल. शिवाय त्याच रविवारी सकाळी चर्चच्या पायरीवर मार्लिसने सगळ्या बायकांना ऐकवलं होतं, "यंदाही घर भरलंय गं बाई!" आता ते शब्द गिळायचे कसे?

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

दारात ड्वेन शुल्ट्स उभा. छातीपर्यंत रबरी पोशाख, क्रॅनबेरीच्या मळ्यात पाण्यात उतरताना घालतात तो. तोंडापासून कमरेपर्यंत लालभडक.

"अरे देवा! कुठे कापून घेतलंस? बस आधी, बस!"

"मिसेस टी, रक्त नाही हो. जेली आहे." ड्वेनचा चेहरा खुलला. "म्हणजे रक्तासारखी दिसतेय ना? टीना, ऐकलंस? दिसतेय!"

मागून त्याची बायको टीना आली. खराट्याच्या दांड्याला फोन बांधलेला. "त्याला चढवू नका," ती म्हणाली. "सकाळपासून आरशासमोर मरतोय."

मार्लिसने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. अर्ध्या गावाला तिने मॅकरोनी वाढली होती, आणि ते अर्धं गाव अजून तिला मिसेस टीच म्हणायचं. ड्वेन त्यातला सगळ्यात जास्त सांडणारा. आता चाळिशीला आला तरी सांडायचं काही थांबलं नव्हतं. याच आठवड्यात गावातले बाप्ये नारिंगी टोप्या घालून हरणांच्या शिकारीला रानात गेले होते. ड्वेन मात्र सिनेमा काढत होता.

"भुताचा," तो कॉफीचा कप ओढून घेत म्हणाला. "थँक्सगिव्हिंगचा. डब्यातली क्रॅनबेरी जेली जिवंत होते."

"डब्यातली?" मार्लिसने नाक मुरडलं. "घराच्या मागे मळा असून?"

या विषयावर ती हळवी होती. चाळीस वर्षं तिने ताज्या क्रॅनबेरी संत्र्याची साल घालून शिजवल्या. पाहुणे बोटं चाटायचे. आणि ऑर्व्हिल? तो डब्यातली जेली मागायचा. अंगावर डब्याच्या वळ्या तशाच उमटलेली, थुलथुल हलणारी. वळीवळीवर सुरी धरून तो तिच्या चकत्या करायचा आणि म्हणायचा, "हिला निदान आकार तरी आहे." तो गेल्यावरही मार्लिस दरवर्षी एक डबा फोडायचीच. खायचं कोणी नाही, पण काचेच्या बशीत ती थरथरत बसलेली हवी.

"तारीख उलटलेले डबे फुकटात मिळालेत," म्हणत टीनाने एक डबा फोडून टेबलावरच्या बशीत पालथा केला. "मी गळाच्या दोरीने जेली ओढणार, हा किंचाळणार."

"पण ती माणसं मारते का? तिचं काय बिघडवलंय कोणी?"

"तेच तर!" ड्वेन सरसावला. "जेवणाआधी टेबलाभोवती एकेक जण सांगतो ना, कशाबद्दल आभार मानायचे ते? तर जो खोटं बोलतो, त्याच्यावर जेली झेप घेते. काका म्हणतो, 'बायकोच्या हातच्या जेवणाबद्दल आभारी आहे.' खलास!"

"मेव्हणा म्हणतो, 'सासूबाई राहायला आल्या याचा आनंद आहे,'" टीनाने भर घातली.

"खलास!" मार्लिसच्या तोंडून निघून गेलं. "आणि कोरडी टर्की खाऊन 'किती रसाळ' म्हणणारी जाऊ?"

"तिला दोनदा मारू!"

तिघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. मार्लिसने आणखी कॉफी ओतली.

"पण असं असेल तर या गावात उरायचं कोण?" तिने विचारलं.

"आजी," ड्वेन म्हणाला. "म्हणजे तुम्ही. सगळ्यात शेवटी. आजी खरं बोलते, आणि जेली जागच्या जागी विरघळते. म्हणून तर आलोय. हे केशरी ओटे, हे टेबल... आमच्याकडे असलं काही नाही. बुधवारी दोन तासांत उरकू. गुरुवारी तुमच्याकडे गर्दी असते, ठाऊक आहे आम्हाला."

"बोलून तर बघा," टीनाने खराटा उचलला. "'माझं घर भरलंय, सगळी पोरं आलीत, त्याबद्दल मी आभारी आहे.'"

मार्लिसने पदर नसला तरी एप्रन सावरला, घसा साफ केला. "माझं घर भरलंय," ती म्हणाली. "सगळी पोरं..."

तिची नजर बशीकडे गेली. बशीतली जेली टेबलाच्या कडेला उगाचच हलत होती.

"बघा, काय अभिनय!" ड्वेन कुजबुजला.

"अभिनय नाही रे," मार्लिस म्हणाली. "ही मला खाईल." तिने उठून फ्रिज उघडला आणि टर्की दाखवली. "ग्रँट येत नाहीये. कोणीच येत नाहीये. काल फोन आला, आणि ही बया तर सुटायला लागलीये."

ड्वेनने तोंडावरची जेली बाहीने पुसली. टीनाने फोन खाली केला.

मार्लिसने फ्रिजचं दार लावलं.

"सिनेमात काम करते मी. फक्त बुधवारी नको. गुरुवारी करा, आणि मग जेवायला थांबा."