इल्झे डच नव्हती

ती लात्व्हियाची होती. एकदाच नीट वाचा, मी परत सांगणार नाही.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून तुमच्यापैकी काहींचे मेसेज आले. "तुझी ती डच मैत्रीण ना?"
मनापासून विचारलंय, कळतं मला. तरीही डोकं फिरलं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: इल्झे इथे जपानमध्ये, सेंदाईत, माझ्या टीममध्ये होती. शेजारचं डेस्क. बोललेलं ऐकून लिहून काढणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ती नेदरलँड्समध्ये शिकली आणि तिथून इथे आली. डच उत्तम बोलायची.
बस्स. तेवढ्यावरून सगळ्यांनी तिला डच करून टाकलं.

सॉफ्टवेअरचंही तेच. आमचं लात्व्हियन मॉडेल डच मॉडेलवर उभं केलेलं. डचचा डेटा भरपूर, लात्व्हियनचा थोडा, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की दोन्ही युरोपच्याच तर आहेत.

ते मॉडेल लात्व्हियन शब्दांची शेपटं, म्हणजे शेवटचे प्रत्यय, गिळायचं. रोज.

इल्झेने एकदा मला व्हाइटबोर्डसमोर उभं केलं.
"डच शब्द रांगेत उभे राहतात," ती म्हणाली. "इथल्या बसस्टॉपवर माणसं राहतात तसे. कोण कुठे उभा आहे त्यावरून अर्थ कळतो. आमचा शब्द कुठेही उभा राहील. त्याची ओळख त्याच्या शेपटीला बांधलेली. ती कापलीस तर कोणी कोणाला मारलं तेच कळणार नाही."

मी म्हटलं, मराठीतही साधारण असंच आहे. तिने मार्कर माझ्या हातात दिला. आग, अश्रू, देव. लिही म्हणाली.

तिने शेजारी डच लिहिलं. व्यूर, त्रान, खॉट.
मग लात्व्हियन. उगुन्स, असरा, दिएव्स.

मी "आग" पुसून "अग्नी" लिहिलं.

"डचांची मी शेजारीण," ती म्हणाली. "तुझी चुलत बहीण."
डचही त्याच मोठ्या कुळातली, फक्त दुसऱ्या फांदीवरची, हेही पाच मिनिटांनी तिनेच सांगितलं. अर्धवट खरं ती सोडून द्यायची नाही.

टोक्योत निशी-कसाईच्या गणपतीला तिला घेऊन गेले होते. एका काकूंनी कौतुकाने विचारलं, डच का गं तू? मग चीज घरीच करत असशील.
इल्झेने अतिशय नम्रपणे विचारलं, "आँटी, तुम्ही तामिळ ना?"
"अगं छे, आम्ही पुण्याचे."
"हो, पण जवळचंच ना?"

 काकूंनी तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला. त्यानंतर ज्याला त्याला ओळख करून देत होत्या, ही इल्झे, लात्व्हियाची.
एका वाक्यात कळलं त्यांना. ऑफिसला चार वर्षांत कळलं नाही.

गेल्या आठवड्यात टेबलांवरून एक बोर्ड फिरत माझ्यापर्यंत आला. निरोप देताना इथे असा चौकोनी पुठ्ठा करतात. मध्यभागी मोठ्या अक्षरात एक ओळ, भोवती सगळ्यांचे छोटे संदेश. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तो इल्झेच्या आईला पाठवायचा होता.

मधली ओळ तिच्या भाषेत हवी म्हणून कुणीतरी मुद्दाम शोधून लिहिली होती.
रुस्त झाख्त.
शांत झोप. डचमध्ये.

तिच्या आईला डचचा एक शब्द येत नाही.

मी टीमलीडर ओनो-सानकडे गेले. सांगितलं, ही तिची भाषा नाही. ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "पण आता सगळ्यांचं लिहून झालंय. दोन्ही जवळच्याच भाषा ना?"

मी इल्झेची पद्धत वापरली.
"ओनो-सान, तुमच्या आईला असा बोर्ड कोरियनमध्ये आला तर चालेल?"

 मग माफी सुरू झाली. एकेक जण उठून वाकून माफी मागत होता.
मला माफी नको होती. नवीन बोर्ड हवा होता.

तो मीच आणला. मधली ओळ मी लिहिली. लाइ विएग्लस स्मिल्टिस. माझे आजोबा गेले तेव्हा इल्झे मला हेच म्हणाली होती. "तुमच्याकडे जाळतात, माहीत आहे. पण आमच्याकडे असंच म्हणतात."
मग तो बोर्ड घेऊन प्रत्येक डेस्कपाशी उभी राहिले, त्या माणसाचं लिहून होईपर्यंत. खूप अवघड वाटलं सगळ्यांना. वाटू दे.

ओनो-साननी शेवटी लिहिलं. अर्थ विचारला. मी सांगितलं, वाळू हलकी असो. तिच्या आईने तिला घरी नेऊन समुद्राजवळच्या वाळूत पुरलंय, हेही सांगितलं.  मग त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, तिचं नाव तिच्या लिपीत कसं लिहितात.

आता विचारलं.

बोर्ड काल पोस्टात टाकला. राग गेलेला नाही. ऑफिसवरचाही गेला नाही, आणि वळताना तिची सायकल न बघणाऱ्या त्या ट्रकवाल्यावरचा तर नाहीच.

तिच्या एका वाढदिवसाला मी सहा ट्यूलिप नेले होते. तिने एक काढून माझ्या कॉफीच्या मगमध्ये खोचला.
"सम संख्येत फुलं मेलेल्यांना देतात, सई. मी अजून आहे. आणि ट्यूलिप, डचांचं फूल? तूसुद्धा?"

आज पुलावर गेले होते, तिची सायकल पडली होती तिथे. डेझी नेल्या, तिच्या देशाचं फूल.
सहा.
एक काढून परत द्यायला कोणी नव्हतं.

लाइ विएग्लस स्मिल्टिस, इल्झे.
तुझ्यावरची वाळू हलकी असो.