पडद्यावरची स्वयंपाकघरं आणि सासूबाईंचा मिक्सर

नोकरी गेल्यावर पहिले चार दिवस मी नुसते अर्ज पाठवत होतो. पाचव्या दिवशी पाठवण्यासारख्या जागाच उरल्या नाहीत. तेव्हा सकाळी अकरा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून, मी टीव्हीसमोर बसलो आणि एक जुना हिंदी सिनेमा लावला. शर्ट अशासाठी, की कुणी अचानक व्हिडिओ कॉल केलाच तर.

सिंगापूरमधलं आमचं राहणं माझ्या नोकरीच्या पासवर होतं. नोकरी संपली की पास संपतो आणि आवराआवरीला तीस दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर पुण्याची तिकिटं काढायची. पासिर रिसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं अकरा वर्षं राहत होतो. बायको, मी आणि आता पंधरा वर्षांची झालेली मुलगी.

सिनेमातली गोष्ट काही केल्या डोक्यात शिरेना. नायक कुणावर चिडलाय, नायिका कुणाची मुलगी, काही कळत नव्हतं. डोळे मात्र माणसांच्या मागे जात होते. दिवाणखान्यात, सोफ्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला फ्रीज. गोल खांद्यांचा, मोटारीच्या दारासारखी मुठीची कडी असलेला. मी सिनेमा थांबवला आणि तो फ्रीज बघत बसलो.

ही सवय आईची. शेजारच्या काकूंकडे आम्ही टीव्ही बघायला जायचो, तेव्हा पडद्यावर घरातली सगळी रडत असायची आणि आई मला हळूच म्हणायची, "बघ, मागे दूध उतू चाललंय, एकीचंही लक्ष नाही." परदेशी मालिकेत टोस्टरमधून पाव उडी मारून वर यायचा आणि त्या घरातलं कुणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, याचा मला राग यायचा. आमच्याकडे पाव तव्यावर भाजायचे. तो उडणारा पाव मला इतका हवा होता की शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी त्या टोस्टरचं चित्र काढून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी रोज दोन-तीन सिनेमे असे बघितले. म्हणजे त्यांची स्वयंपाकघरं बघितली आणि दिसेल ते वहीत टिपलं. फडताळात उंचीप्रमाणे लावलेले पितळी डबे, वातींचा स्टोव्ह, जाळीचं कपाट. मग इथल्या जुन्या मालिका सापडल्या, तर त्यात मोठमोठ्या फुलांचे थर्मास, इनॅमलचे टिफिन, आणि भिंतीतच कचरा टाकायची लोखंडी झडप. एकदा बायकोने विचारलं, "वहीत काय लिहितोयस?"

"फ्रीज," मी म्हणालो.

तिने वहीत डोकावून बघितलं. तिला वाटलं असेल, याला आता डॉक्टरला दाखवावं लागणार.

एका जागी बसवत नव्हतं हे खरं. बुओना व्हिस्टातल्या एका कंपनीत माझ्या दोन मुलाखती झाल्या होत्या आणि "आम्ही कळवतो" म्हणून ते गप्प होते. मी दर दहा मिनिटांनी फोन बघायचो. खाली बाजारात जायचो, काहीच न घेता वर यायचो. मग हाताला चाळा म्हणून मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून जुन्या सामानाच्या ॲपवर टाकायला लागलो. व्यायामाची सायकल, चपलांचं कपाट, जेवणाचं टेबल.

टेबलाच्या फोटोवर एका बाईंचा निरोप आला. "टेबल नको आहे. मागे ओट्यावर जे मशीन दिसतंय, ते विकणार का?"

मागे ओट्यावर मिक्सर होता. माझ्या सासूबाईंचा. मूळचा पांढरा, आता दह्याच्या निवळीसारखा पिवळट झालेला. समोर एकच मोठं काळं बटण, एक-दोन-तीन असं फिरणारं. भांडं इतकं जड की रिकामं असतानाही दोन हातांनी उचलावं लागायचं. सासूबाई गेल्यावर बायकोने तो कोथरूडच्या घरातून साडीत गुंडाळून आणला होता. इथे येऊन त्याची पिन तेवढी बदलली, बाकी तो होता तसा चालत होता.

बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पन्नाशीच्या, चिनी, गळ्यात मोजपट्टी. टीव्ही मालिकांसाठी जुन्या वस्तू गोळा करणं हे त्यांचं काम. सिंगापुरातल्या जुन्या काळच्या एका भारतीय कुटुंबाची मालिका होती आणि त्यांना त्या काळातला भारतीय मिक्सर कुठेच मिळत नव्हता. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अंकल, विकायचा नसेल तर तीन दिवस भाड्याने द्या."

माझ्यापेक्षा मोठ्या बाईने मला अंकल म्हटल्याचं मला लागलं, पण मी हो म्हणालो. बायको तेव्हा मुलीच्या शाळेत गेली होती.

ती आली तेव्हा मी आनंदाने तिला ही बातमी सांगितली. तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

"माझ्या आईचा मिक्सर? मला न विचारता?"

"अगं, दिला नाही. तीन दिवसांसाठी फक्त."

"घरातलं एकेक काढून तू फोटो टाकतोयस. आता माझाच टाक एक."

मुलगी खोलीतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, कॅनॉट लाह! नाही द्यायचा! तो आजीचा आहे!"

मी नकार कळवायला फोन उचलला, तर बायकोनेच थांबवला. आपण शब्द दिला आहे, तो आता मोडायचा नाही, असं तिचं म्हणणं. "पण तू बरोबर जा. तिन्ही दिवस. मिक्सर एकटा सोडायचा नाही. आणि त्यांना सांग, आई बटण फिरवताना झाकणावर अख्खा तळवा दाबून धरायची आणि तोंड बाजूला फिरवायची. एकदा झाकण उडून लाल चटणी डोळ्यांत गेली होती तिच्या."

असा मी मिक्सरचा राखणदार झालो.

शूटिंग एका गोदामासारख्या इमारतीत होतं. आत शिरलो आणि अंधारात वायरींवरून ठेचकाळत पुढे गेलो, तर समोर उजेडात एक स्वयंपाकघर उभं होतं. तीनच भिंती, वर छप्पर नाही. निळ्या बारीक टाइल्सचा ओटा, वातींचा स्टोव्ह, गोल खांद्यांचा फ्रीज. मी त्याची कडी ओढली. आत गारवा नव्हता, मागे मोटारच नव्हती. फळ्यांवर संवादांचे कागद आणि कुणाचा तरी छत्रीचा दांडा होता. नळाला पाणी नव्हतं. खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ होतं.

मला हसू यायला हवं होतं. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला फोन बघायची आठवण झाली नाही. मी फिरत राहिलो. मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी कशीही ओतली होती, ती मी नीट वाट्यांत लावली. कालथे उलटे टांगले होते, ते सरळ केले. बाई लांबून बघत होत्या, अडवलं नाही. तिसऱ्या वाटीनंतर त्यांनीच येऊन विचारलं, "जिरं कुठे ठेवतात?"

आईचं काम करणारी नटी तमिळ होती, स्वभावाने मोकळी. ती मिक्सरचं बटण दोन बोटांनी फिरवत होती, अत्तराची बाटली उघडावी तसं. मी पुढे झालो आणि बायकोने सांगितलेलं करून दाखवलं. तळवा, कोपर ताठ, तोंड बाजूला. तिने दोनदा करून बघितलं. "म्हणजे त्याला घाबरायचं," ती म्हणाली.

"घाबरायचं, पण सोडायचं नाही," मी म्हणालो.

पहिले दोन दिवस मिक्सर नुसताच दिसायला होता. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला तो खरंच चाललेला हवा होता, आवाजासकट. वायर ओढली, भांड्यात खोबरं घातलं. पहिल्यांदा चालला. दुसऱ्यांदा चालला. पाचव्यांदा बटण दोनवर गेलं, मिक्सर घुरघुरला, जळका वास आला आणि तो बंद पडला. मी कॅमेऱ्याचा विचार न करता थेट आत धावलो आणि पिन उपसली. सगळे माझ्याकडे बघत राहिले.  बायकोला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी तिलाच फोन लावला.

"बंद पडला," मी म्हणालो. "जळाला बहुतेक."

 नेमक्या त्याच वेळी फोनवर दुसरा कॉल यायला लागला. इथलाच नंबर, पण अनोळखी. बुओना व्हिस्टा. मला तो आकड्यांवरूनच कळला म्हटलं तरी चालेल. दहा-बारा दिवस मी त्याची वाट बघत होतो.

"ऐक," बायको म्हणाली. "उलटा कर त्याला."

तो नंबर चमकत होता. मी उचलला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि तो मला तोडवला नाही.

"खाली लाल बटण आहे, बारीक. फार तापला की ते बाहेर येतं. थोडं थंड होऊ दे आणि आत दाब. आई दर दिवाळीला दाबायची."

दहा मिनिटांनी मी बटण दाबलं. टक् असा आवाज आला. पिन लावली, मिक्सर सुरू झाला आणि तिथल्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नटीने तर मला नमस्कारच केला.

बाहेर येऊन मी त्या नंबरवर फोन केला. मुलाखत घेणाऱ्या मॅडम मीटिंगमध्ये गेल्या, त्या कळवतील, असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी कुणी कळवलं नाही. घरी मी सगळं सांगितलं तेव्हा बायको कपाळाला हात लावून बसली. "अरे, फोन घ्यायचास ना! मिक्सर काय पळून जात होता?"

"तूच म्हणालीस, एकटा सोडायचा नाही."

"तुझ्या डोक्याला काय म्हणावं," ती म्हणाली, आणि मिक्सर टेबलावर ठेवून तपासायला लागली. जुना दिसावा म्हणून त्यांनी त्याला तपकिरी रंगाचे डाग दिले होते. आधीच इतका जुना, त्याला आणखी जुना केला. ती घासणी घेऊन तासभर घासत होती. मुलगीही बसली तिच्याबरोबर. मी येरझाऱ्या घालत होतो.

पुढचे दोन दिवस मी शर्ट इस्त्री करत आणि काढून ठेवत घालवले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, पुन्हा एक मुलाखत झाली आणि सव्विसाव्या दिवशी नोकरी मिळाली. पद आधीपेक्षा खालचं, पण पास मिळाला. मुलीने ते ऐकून फक्त "ओके लाह" म्हटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराआड ती रडत होती हे आम्हाला ऐकू येत होतं. इतके दिवस ती एकदाही काही बोलली नव्हती.

मालिका पाच-सहा महिन्यांनी लागली. मिक्सरचा प्रसंग दुसऱ्या भागात होता. नटीने झाकणावर तळवा दाबला, तोंड फिरवलं. बायकोने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि तो प्रसंग तीनदा लावला. मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला त्या बाईंना विचारायला सांगितलं की ते स्वयंपाकघर एकदा बघायला मिळेल का. बाईंचं उत्तर लगेच आलं. सेट शूटिंग संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोडला. भिंती कुठल्याशा गोदामात गेल्या, टाइल्स कागदाच्या होत्या, त्या फेकल्या.

संध्याकाळी आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शहरात चाललो होतो तेव्हा मी हे तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मग मालिकेतली ती बाई आता स्वयंपाक कुठे करते?" तिने विचारलं.

मी हसलो. ती हसली नाही. गाडी पुढच्या स्टेशनात शिरली, माणसं उतरली, चढली, आणि मी उगाचच खिशातून फोन काढून बघितला. कुणाचाही फोन आला नव्हता.