ज्याचं नाव, त्याच्यातच बुडव

मुलामा चढवायच्या त्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: "काकूला विचार." स्टोअरकाकू अठ्ठावीस वर्षं रसायनांचं स्टोअर सांभाळत होती आणि कुठल्या कॅनमध्ये काय आहे हे फक्त तिलाच ठाऊक. कागदी लेबलं आम्लाच्या वाफेनं महिन्याभरात गळून पडायची, त्याला कोण काय करणार? एकदा तर बाई दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेली आणि फोन आला. दोन कॅन शेजारी शेजारी, एकात आम्ल, एकात कॉस्टिक सोडा, लेबल एकावरही नाही. काकू नुसतीच "आँ, आँ" करत डावा हात नाचवतेय! शेवटी डॉक्टरच फोनवर ओरडले, "डावीकडचं आम्ल, म्हणतायत!"

कारखाना पोट धरधरून हसला. काकूला मात्र धडकी भरली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी उजवीकडचं सांगितलं असतं तर? कुणाचे तरी डोळे गेले असते. आणि मी तर दोन महिन्यांत निवृत्त होणार! त्याआधी त्या कॅनना स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे."

मग तिनं टॅग विकणाऱ्यांना बोलावलं. पहिला आला तो कोटबिट घालून. "मॅडम, आमचा टॅग जन्मभर टिकतो!"

"कुणाच्या जन्मभर?" काकूनं हातमोजे चढवले आणि चिमट्यानं टॅग थिनरमध्ये बुडवला. दहा मिनिटांत अक्षरं वर तरंगायला लागली.

"आम्ही पाण्यात बुडवून दाखवतो हो," तो पुटपुटला.

"मग पाण्याच्या टाकीवर लावा!"

काकूचा नियमच तसा. टॅगवर ज्याचं नाव, त्याच्यातच तो आठवडाभर बुडवायचा. स्टोअरमागच्या कट्ट्यावर झाकणबंद बरण्यांची रांग लागली. मार्करची शाई उडाली, चकचकीत कागद फुगला, पत्र्याची तर आम्लानं पार चाळण केली. मालक वैतागले, "काकू, टॅग आहेत की धुणं? किती भिजवाल?"

"अजून आपटायचे राहिलेत," काकू म्हणाली.

अखेर जाड प्लास्टिकवर खोल कोरलेला टॅग सगळ्या बरण्यांना पुरून उरला. नाव, धोक्याचं चित्र, अंगावर उडालं तर काय करायचं, सगळं शाबूत. काकूनं एकेक टॅग स्वतःच्या हातानं बांधला. तिच्या जागी एक चष्मेवाली बाई आली होती. तिला काकूनं एकही कॅन ओळखायला शिकवला नाही. "वाच," एवढंच सांगितलं.

निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार उजाडला. दहा वाजले, अकरा वाजले, फोन काही येईना. काकूचा जीव टांगणीला. शेवटी तिनंच लावला. "काही अडलं नाही ना गं?"

"छे हो काकू! सकाळपासून नऊ कॅन दिले. सगळं वाचता येतं की!"

काकूनं फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. "मेल्यांना माझी गरजच उरली नाही हो!"

नवऱ्यानं पेपर खाली केला. "अगं, ह्याच्यासाठीच तर जिवाचं रान केलंस ना?"

"केलं," काकू पदरानं डोळे पुसत हसली, "पण इतकं चांगलं करायला नको होतं!"