उघाडीवरची हरकत

कोपरच्या पलीकडे, खाडीला टेकून असलेल्या एका गावात सर्वांच्या मालकीचे एकच दार होते. ते बांधातले लाकडी दार. गाव त्याला उघाडी म्हणे. ओहोटी लागली की फळ्या उचलून शेतातले पाणी खाडीत सोडायचे आणि भरती चढू लागली की फळ्या बसवून खारे पाणी बाहेर अडवायचे, हा तिथला नेम. नवरा वारल्यापासून अकरा वर्षे तो आवडाबाईने एकदाही चुकवला नव्हता.

१९५५ च्या चैत्रात एका सकाळी तिला बांधावर नव्या खुंट्या दिसल्या आणि त्यांच्यामधून ओढलेली चुन्याची सरळ रेघ. रेघ नेमकी उघाडीवरून गेली होती. मोजणीची साखळी गुंडाळणाऱ्या माणसाने सांगितले, की स्टेशनकडे जाणारा नवा रस्ता येणार आणि उघाडी भराव टाकून बुजवणार.

"आनी पावसाचा पानी जाईल कठं?"

"ते नकाशात नाही, बाई."

गावकीचा म्होरक्या भिवा याला घेऊन ती त्याच दिवशी कल्याणच्या कचेरीत गेली. तिथला कारकून सहदेव साताऱ्याकडचा. त्याने फाईल उघडून शांतपणे सांगितले, "हरकती मागवल्या होत्या. माघात महिनाभर नोटीस तुमच्या चावडीवर होती. एकही हरकत आली नाही."

माघात गावातली धडधाकट माणसे मिठागरावर झोपड्या घालून राहतात. गावात उरतात म्हातारे, तान्ही मुले, थोड्या बायका आणि उघाडीसाठी आवडाबाई. शिमग्याला माणसे परततात, म्हणून आधी बायका चावडीला चुना काढतात. यंदा पुढची भिंत तिनेच रंगवली होती. तो कागद तिला आठवला. चारही कोपरे घट्ट चिकटवलेले होते. खालची अक्षरे दिसू नयेत म्हणून तिने त्यावरून कुंचला दोनदा फिरवला होता.

राग आला तो आधी स्वतःचाच. मग तो टेबलापलीकडे गेला.

"वाचनारा कोन हाय आमचे गावान? मिठागरावर येऊन एक हाली मारली असती, तं शंभर मानूस उबा रेला असता!"

"नोटीस लावायची असते, बाई. वाचून दाखवायची असते असे कुठे लिहिलेले नाही."

"मंग भिंतीलाच ईचारा ना तिची हरकत," भिवा म्हणाला. "तिनंच वाचलान तो कागूद."

सहदेव हसला नाही. इकडेतिकडे पाहून तो हलकेच म्हणाला, "वैशाखी अमावास्येला साहेब रेघ पाहायला येणार आहेत, दुपारी बाराला. तेव्हा बोलून पाहा."

"अमावास्येला? दुपारचे?" तिने दोनदा विचारून घेतले. कचेरीच्या भिंतीवर कॅलेंडर होते. अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण येते, हे मात्र तिथे कोणाला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी मिठागरावरून सगळे गाव बांधावर आले होते. साहेब आवडाबाईच्या शेतातली पायवाट तुडवत चढले, मागे फाईल घेतलेला सहदेव. दुसरी वाट नव्हती. बांधाची दोन्ही टोके तिवरांच्या चिखलात शिरत.

साहेबांनी नकाशा उलगडला. "मुदत टळली आहे. आता हरकत चालणार नाही. शिवाय जागा चांगली कोरडी आहे."

आवडाबाई उघाडीपाशी बसून राहिली. फळ्या तिच्या शेजारी पडल्या होत्या.

भिवा कानाशी आला. "आवडे, फल्या घाल गो! उधान हाय, शेत जाईल तुजा."

"माजाच जाईल. तुमचे शेतांना मधला बांध हाय."

पाणी आत आले. आधी खाचर भरले, मग पायवाट दिसेनाशी झाली. पाणी बांधाची कड चाटू लागले तसा चुना विरघळून रेघ पुसली गेली. साहेबांचे बूट भिजले. "बंद करा ते! इथे जबाबदार कोण आहे?"

"मी," ती म्हणाली आणि भरती पुरती चढल्यावर तिने एकेक फळी बसवली. दुपार कलली. बाहेर खाडी ओसरून चिखल उघडा पडला. आत पाणी कमरेएवढे तसेच उभे.

"घ्या, दार बुजला, तुमचा रस्ता जाला," ती म्हणाली. "आता ह्या पानी भायेर काडून दाखवा."

"पोलिसांत देईन!"

"द्या की. पन जाल कसं? शेत माजा, दार गावाचा. हरकती लिवून जाल्या का फल्या उचलीन."

सहदेवाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी पाण्याकडे पाहिले. मग सहदेव मांडी घालून बसला आणि त्याने एकतीस हरकती लिहून घेतल्या, एकतीस अंगठ्यांसह. शेवटचा अंगठा आवडाबाईचा. त्यानंतरच तिने फळ्या उचलल्या.

दोन वर्षांनी रस्ता झाला, पण उघाडीवर मोरी बांधून. आवडाबाईच्या शेतात मात्र तीन वर्षे भात रुजला नाही. कोणी हळहळले की ती उसळून म्हणे, "आधी ईचारला असता तं पिकला असता."

रस्ता झाला त्या वर्षी शिमग्याच्या आधी गावचा कोतवाल पुन्हा एक कागद आणि खळीचे भांडे घेऊन चावडीकडे वळला. बांधावरून तिची हाक आली.

"तकडं नको! मिठागरावर चल. आनी मोठ्यानं वाच."